सेकंदकाटा

टँकवरचं भिंतीतलं घड्याळ
गेल्या ठेकेदाराच्या वेळेपासून सव्वाचारवर आहे.
त्याच्या काचेमागे कबुतराचं एक पीस.
सहाची बॅच तिकडे बघत नाही,
माझ्या मनगटाकडे बघते.

साडेचारशेचं घड्याळ. रास्ता पेठेत घेतलं.
दुकानदार म्हणाला, "वॉरंटी विचारू नका,
चालतंय तोवर चालेल."
माणसालाही हेच लागू आहे म्हणा.
नऊ वर्षं झाली.
क्लोरीनने चार पट्टे खाल्ले,
पाचवा कडेने पांढरा पडलाय, माझ्या कानशिलांसारखा.
यंत्र मात्र आत कोरडं ठाक,
मंडईत गाळ्यावर बसलेल्या हिशेबी बाईसारखं
सुटे पैसे मोजत.

मोबाइल लॉकरमध्ये. तसा नियम आहे,
नसता तरी ठेवला असता.
एकदा घरी, जेवताना, वेळ बघायला काढला होता:
धायरीच्या साडूची वास्तुशांत,
कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे,
खडकवासल्यात किती टक्के पाणी,
आणि आमटी गार.
किती वाजले ते बघायचं राहूनच गेलं.

इथे मला तेवढी चैन नाही.
इथे चाळीस डोकी पाण्यात असतात,
आणि ती मोजायची म्हणजे
फोडणीतली मोहरी मोजायची.
मान खाली घालायला मिळतो
अर्ध्या पापणीइतका वेळ.
तेवढ्यात दोन काटे पुरतात.
वाचावं लागत नाही काही,
नुसता कोन दिसतो;
दाराच्या फटीतून कळावं
घरात कुणी आलंय का, तसा.

मागच्या मे महिन्यात भाच्याने, प्रणितने,
हिंजवडीहून येताना दुसरं आणलं. चौकोनी, काळं.
"मामा, हे ठोके मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं."
म्हटलं, पावलं कशाला?
मी तर खुर्चीत बसायचा पगार घेतो.
पण पोराचं मन. बांधलं.

बुधवारी, पोरांच्या बॅचला,
ते थरथरलं. मी बघितलं.
लिहिलं होतं: बराच वेळ बसला आहात, उभे राहा.
उभा राहिलो. आज्ञाधारक माणूस मी.
आणि खोल बाजूला
एक लाल टोपी कमी होती.

काढलं त्याला. खोकला, रडला,
वर "आईला सांगू नका" म्हणाला.
फार वेळ गेला नव्हता.
किती, ते मला सांगता येत नाही,
आणि तेवढंच अजून टोचतं.
दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळ्या चौकोनाने कळवलं:
काल तुमची झोप कमी झाली.

गुरुवारी पुन्हा जुनं बांधलं.
मनगटावर उन्हाने सोडलेली गोरी जागा होतीच,
तिथे ते बसलं,
निघालेली फरशी परत बसावी तसं.
प्रणितला सांगितलं, चार्जर सापडत नाही.

आता बॅचची शेवटची दहा मिनिटं.
तहसीन कठडा धरून ओरडते,
"लोणकरकाका, मोजा!"
आणि नाक दाबून खाली जाते.
एक नजर तिच्या वेणीवर, पाण्यात सैल झालेल्या,
एक काट्यावर.
बाकीची पोरं चूप.
टँक एवढा चूप एरवी कधीच नसतो.

वर येते. डोळे लाल, छातीचा भाता.
"किती?"

काटा म्हणतो एकतीस.
काल तीस होते.
मी म्हणतो, "चौतीस."

घड्याळ काही बोलत नाही.
त्याच्याकडे कुणाला कळवायची
सोयच नाही.